चौथ्या मजल्यासाठी घेतलेला पीआरव्ही (पाण्याचं प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह) : ४ स्टार, पण प्रेशर गेजशिवाय घेऊ नका

आमची बिल्डिंग २२ मजली आणि टाकी गच्चीवर, आम्ही चौथ्यावर. वरच्यांची कायम बोंब की शॉवरला धार नाही, आणि आमच्याकडे उलटंच, जेट स्प्रेचा पाइप दर काही महिन्यांनी फुटणार, नळ बंद केला की भिंतीत धाडकन आवाज. हिशोब सोपा आहे हो, पाण्याची उंची १० मीटर म्हणजे साधारण १ बार प्रेशर, आणि आमच्या डोक्यावर १८ मजले. शाफ्टमध्ये सोसायटीचे पीआरव्ही असतात पण आमच्या लाइनचा अडकलेला होता, प्लंबरने गेज लावलं तर काटा ५.५ वर. घरात २.५-३ बार भरपूर होतं.

सोसायटीचा ठराव, कोटेशन, मीटिंग हे सगळं होईपर्यंत कोण थांबणार, म्हणून आपल्या फ्लॅटपुरता पाऊण इंची पितळी पीआरव्ही बसवून घेतला. स्प्रिंग-डायफ्रॅमवाला, आत छोटी जाळी, दोन्हीकडे युनियन (म्हणजे खोलता येणारा जोड). युनियन असलेलाच घ्या, नाहीतर जाळी साफ करायला दरवेळी पाइप कापावा लागेल. अंगावर बाण असतो तो पाण्याच्या दिशेनेच पाहिजे, आणि त्याच्या आधी पाणी बंद करायला बॉल व्हॉल्व्ह हवा.

सेटिंग ३ बारला ठेवलंय. हे सेटिंग घरातले सगळे नळ बंद करून बघायचं, नळ चालू असताना काटा खाली येतोच आणि मग लोकांना वाटतं प्रेशर कमी आहे, अजून पिळा. स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की प्रेशर वाढतं. सेट करून झाल्यावर गिझर बंद ठेवून काटा तासभर बघा, हळूहळू चढत राहिला तर आत सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो तिथे) कचरा बसलाय. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की असंच होतं, जाळी काढली की चमचाभर वाळू निघते.

फरक? धाडधाड थांबली, जेट स्प्रे टिकतोय, आणि फ्लश टँक भरताना शिट्टी वाजायची ती गेली, खरं सांगायचं तर मला त्याचंच जास्त सुख आहे. तोटा एकच जाणवला, दोन्ही बाथरूम आणि वॉशिंग मशीन एकदम चालू झालं की शॉवर थोडा मंदावतो.

आता गिझरबद्दल, कारण इथे लोक भलतंच करतात. पीआरव्ही बसवला म्हणजे गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं काम संपलं असं अजिबात नाही. २५ लिटर पाणी २५ वरून ६० डिग्रीला गेलं की साधारण ३५० मिलीने फुगतं, आणि इनलेटच्या नॉन-रिटर्नमुळे (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह) ते मागे जाऊ शकत नाही, मग त्या सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच थेंब थेंब बाहेर येणार, ते चांगलंच आहे. शेजारच्या विंगमध्ये एकांनी "गळतंय" म्हणून तिथे चक्क डमी (बूच) मारून घेतला होता!! प्लंबरने बघितलं आणि आधी गिझरचा स्विच बंद केला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी जोडून खाली बाथरूमच्या मोरीच्या जाळीपर्यंत सोडा, बस. गिझर बंद असतानाही धार लागली असेल तर मात्र प्रेशर तपासा किंवा तो व्हॉल्व्ह बदला. आणि गिझर घेताना ८ बारचाच घ्या, ६.५ वाले पण मिळतात, लेबलवर लिहिलेलं असतं.

एक स्टार कापला कारण गेज सोबत देत नाहीत, नुसतं बूच मारलेलं भोक, गेज वेगळं आणावं लागलं. शिवाय माहितीपत्रकावरची अक्षरं मुंगीएवढी आणि मराठीत एक ओळ नाही. टाकी डोक्यावरच असलेल्या वरच्या मजल्यांनी यावर पैसे घालू नका, तुम्हाला बूस्टर पंप लागेल, आणि तो लावलात तर वर लिहिलेलं गिझरचं सगळं तुम्हालाही लागू.