कोरोना-वॉर्न-अ‍ॅप: फोन आपले काम करतो, घोडे अडते ते प्रयोगशाळेच्या वाटेवर

जर्मनीने बाधिताच्या सहवासात आल्याचा इशारा फोनवर देणारे हे अ‍ॅप आणले तेव्हा देशात दिवसाला काही शे नवे रुग्ण सापडत होते. टाळेबंदी सैल झाली होती. १५ जून २०२० रोजी युरोपातल्या बहुतेक अंतर्गत सीमा खुल्या झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी कोरोना-वॉर्न-अ‍ॅप डाउनलोडसाठी आले. २२ ऑक्टोबरला दिवसभरातल्या नव्या रुग्णांचा आकडा पहिल्यांदाच १० हजारांच्या वर गेला आणि २ नोव्हेंबरपासून रेस्टॉरंट, बार, थिएटर पुन्हा बंद झाली. शांत उन्हाळ्यात हाती आलेले हे साधन चढत्या लाटेत किती उपयोगी पडते, ते तेव्हा नीट सांगता आले. पुढचा मजकूर, त्यातल्या सूचना आणि नियम त्या २०२०च्या नोव्हेंबरातले आहेत; अ‍ॅप २०२३मध्ये बंद झाले.

आमचे तेव्हाचे मत आधीच सांगतो. अ‍ॅप जरूर घ्या. ते फुकट होते, बॅटरी फारशी खात नव्हते आणि खासगीपणाच्या बाबतीत सरकारी अ‍ॅपकडून क्वचितच मिळणारा प्रामाणिकपणा त्यात होता. पण ते फोनवर ठेवून विसरून जाल तर काहीच मिळणार नाही. काही सेटिंग्ज हाताने बदलाव्या लागतात आणि चाचणी देताना एका कागदावरच्या एका चौकटीकडे डोळ्यात तेल घालून पाहावे लागते.

प्रकाशक म्हणून अ‍ॅपवर रॉबर्ट कॉख संस्थेचे (जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचे) नाव आहे. ते बांधले एसएपी ही सॉफ्टवेअर कंपनी आणि डॉइचे टेलिकॉम ही दूरसंचार कंपनी यांनी, सुमारे २ कोटी युरो खर्चून. एप्रिलपर्यंत सरकारचा कल सगळ्या भेटीगाठींची नोंद मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवण्याकडे होता. त्यावर संशोधकांनी आणि केऑस कॉम्प्युटर क्लबसारख्या हॅकरांच्या संघटनांनी कडाडून टीका केली आणि २६ एप्रिलला सरकारने तो बेत सोडला. त्यामुळे आता नोंद राहते ती फक्त तुमच्या फोनमध्ये. गिटहबवर संपूर्ण कोड खुला आहे, ज्याला शंका असेल त्याने उघडून वाचावा.

आत चालते ते असे. फोन ब्लूटूथवरून सतत एक यादृच्छिक क्रमांक प्रसारित करतो. तो क्रमांक दर १० ते २० मिनिटांनी बदलतो, त्यामुळे कोणी तुमचा माग काढू शकत नाही. दर काही मिनिटांनी फोन थोडे सेकंद 'कान देऊन' आसपासच्या फोनांचे क्रमांक टिपतो आणि १४ दिवस जपून ठेवतो. कोणी बाधित निघाले आणि त्याने संमती दिली, तर त्याच्या गेल्या दोन आठवड्यांच्या किल्ल्या (ज्यांवरून ते क्रमांक तयार होतात) सर्व्हरवर जातात. तुमचा फोन दिवसातून एकदा त्या उतरवून घेतो आणि आपल्या नोंदींशी ताडून पाहतो. जुळणी तुमच्या फोनवरच होते. तुम्ही कोणाला भेटलात हे सर्व्हरला कळत नाही, आरोग्य कार्यालयालाही नाही.

धोका ठरवण्याची रीत समजून घेतली तर पुढचा गोंधळ टळतो. अंतर मीटरमध्ये मोजले जात नाही; सिग्नल वाटेत किती क्षीण झाला, यावरून ते ताडले जाते. क्षीणता ५५ डेसिबलपेक्षा कमी, म्हणजे ढोबळमानाने दीड मीटरच्या आत, तर ती मिनिटे पूर्ण धरली जातात. ५५ ते ६३ डेसिबल, म्हणजे साधारण तीन मीटरपर्यंत, तर अर्धी. एकूण १० मिनिटांपेक्षा कमी चाललेली किंवा बरीच दूरची भेट सोडून दिली जाते. समोरचा बाधित माणूस त्या दिवशी किती संसर्गजन्य असावा, हेही हिशेबात येते. १.५ आवृत्तीपासून बाधित व्यक्तीला लक्षणे कधी सुरू झाली हे विचारले जाते. उत्तर देणे ऐच्छिक आहे, पण द्यावे. लक्षणांच्या आधीचे दोन दिवस सर्वांत जोखमीचे असतात आणि तारीख कळली की इशारा नेमक्या भेटींवर रोखला जातो.

ब्लूटूथला भिंत, काच, मास्क यांतले काही कळत नाही. पातळ भिंतीपलीकडचा शेजारी 'भेट' म्हणून नोंदला जाऊ शकतो. उलट मागच्या खिशातल्या फोनचा सिग्नल शरीरच अडवते आणि टेबलापलीकडचा माणूस लांबचा वाटतो. धातूने वेढलेल्या जागेत तर हिशेब पार बिघडतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी ट्रामच्या डब्यात फोन ठेवून मोजमाप केले तेव्हा जर्मन अ‍ॅपच्या नियमांनी एकही इशारा दिला नाही, कारण सिग्नल धातूवरून परावर्तित होत राहतो आणि अंतराशी त्याचा मेळच राहत नाही. तेव्हा ट्राममधून, बसमधून फिरून आल्यावर हिरवा, म्हणजे कमी धोक्याचा, पडदा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता बसवण्याबद्दल. २०२०मध्ये आयफोन ६एस किंवा त्यानंतरचा आणि आयओएस १३.५ लागत होते, अँड्रॉइडला किमान सहावी आवृत्ती आणि गूगल प्ले सर्व्हिसेस. म्हणजे आयफोन ६ बाद, गूगलविना विकले जाणारे नवे ह्वावे फोनही बाद. ज्यांना आजाराचा धोका सर्वाधिक त्या वयस्कर लोकांकडेच बहुधा असे जुने फोन असतात. ही उणीव गंभीर आहे, आणि तिचे मूळ अ‍ॅपपेक्षा अ‍ॅपल-गूगलच्या पायाभूत यंत्रणेत (फोनमध्येच घातलेल्या ब्लूटूथ-नोंदीच्या सोयीत) आहे. अँड्रॉइड १० किंवा त्याआधीच्या फोनवर 'लोकेशन' चालू ठेवावे लागते म्हणून अनेकांनी अ‍ॅप काढून टाकले. अ‍ॅप तुमचे ठिकाण वाचत नाही. ब्लूटूथने आसपास शोध घ्यायचा तर त्या आवृत्त्यांमध्ये ती कळ दाबलेली लागते, एवढेच. अँड्रॉइड ११मध्ये ही अट गेली आहे.

सर्वांत मोठा दोष जुलैच्या अखेरीस उघड झाला. बॅटरी वाचवण्याच्या नादात कित्येक अँड्रॉइड फोन, विशेषतः सॅमसंग आणि ह्वावेचे, अ‍ॅपला पार्श्वभूमीत झोपवून टाकत होते. आयफोनवरही अ‍ॅप उघडल्याशिवाय किल्ल्यांची ताडणी होत नसल्याचे दिसले. क्रमांक टिपले जात होते, पण बाधितांच्या किल्ल्यांशी ते ताडले जात नव्हते, आणि लोक दिवसेंदिवस शिळा हिरवा पडदा पाहत होते. दुरुस्त्या आल्या आहेत, तरीही हे करून ठेवा: अँड्रॉइडवर अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये पार्श्वभूमीत प्राधान्याने चालण्याची परवानगी द्या आणि फोनच्या बॅटरी विभागात या अ‍ॅपवरचे निर्बंध काढा. आयफोनवर 'बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश' चालू ठेवा. शिवाय दिवसातून एकदा अ‍ॅप उघडून दोनच गोष्टी पाहा: शेवटचे अद्यतन आजचे आहे का आणि नोंद १४पैकी किती दिवस चालू होती. दोन आठवडे उलटूनही तो आकडा १४ नसेल, तर मधे केव्हातरी ब्लूटूथ किंवा लोकेशन बंद पडले होते असे समजा.

खरी कसोटी लागते ती चाचणीच्या दिवशी. डॉक्टरकडे घशातला नमुना देताना जो फॉर्म भरला जातो (आरोग्य विम्यातून होणाऱ्या चाचणीसाठी १०सी क्रमांकाचा), त्यावर क्यूआर कोड असतो. त्याच फॉर्मवर निकाल अ‍ॅपकडे पाठवायला रुग्णाची संमती असल्याची चौकट असते. ती चौकट डॉक्टरकडून भरली जाते आणि घाईत हमखास राहून जाते. ती रिकामी राहिली की प्रयोगशाळा निकाल अ‍ॅपला देऊच शकत नाही, मग तुम्ही कोड कितीही नीट स्कॅन केलेला असो. पडद्यावर 'निकाल अजून आलेला नाही' हेच दिसत राहते. म्हणून फॉर्म हातात असतानाच विचारा: चौकटीत खूण केलीत का? क्यूआर कोडचा भाग मला द्याल का? कोड एकदाच आणि एकाच फोनवर स्कॅन होतो. घरातल्या दोघांच्या चाचण्या असतील तर कागदांची अदलाबदल होऊ देऊ नका.

प्रयोगशाळा अ‍ॅपच्या यंत्रणेशी जोडलेली नसेल तर क्यूआर कोडचा उपयोग नाही. जूनमध्ये जोडलेल्या प्रयोगशाळा थोड्याच होत्या. नोव्हेंबरपर्यंत खासगी प्रयोगशाळा बहुतेक जोडल्या गेल्या होत्या, रुग्णालयांच्या मात्र मागे होत्या. जोडणी असली तरी वाटेत कुठे हाताने माहिती भरायची असेल तर सगळे तिथेच तुंबते. ऑगस्टमध्ये बायर्न (बव्हेरिया) राज्यातल्या महामार्गांवरच्या चाचणी केंद्रांत तेच झाले. सुट्टीवरून परतणाऱ्या सुमारे ४४ हजार लोकांचे निकाल अडकून पडले आणि त्यांतले ९०० हून अधिक बाधित होते. निकाल कळेपर्यंत ही माणसे आपण बाधित आहोत हे ठाऊक नसताना वावरत होती. अशा ठिकाणी जगातले उत्तम अ‍ॅपही हात टेकते.

निकाल अ‍ॅपमध्ये आला नाही तर टॅनचा, म्हणजे एकदाच वापरायच्या कोडचा, मार्ग आहे. हॉटलाइनला फोन करायचा. तिथली व्यक्ती तुमचा निकाल पाहू शकत नाही, म्हणून खातरजमेसाठी काही प्रश्न विचारते आणि मग टॅन देते. हा टॅन तासाभरात वापरावा लागतो. हॉटलाइन तेव्हा दिवसरात्र चालू असे. तरी आजारी माणसाने फोन करायचा, प्रश्नांना उत्तरे द्यायची, मग आकडे-अक्षरे टंकायची, हे जिकिरीचे आहे. ज्यांना जर्मन भाषा सहज येत नाही त्यांच्यासाठी तर फारच.

बाधित असल्याचे कळले की इशारा आपोआप जात नाही. तुम्हाला आणखी एकदा संमती द्यावी लागते. हे तत्त्व म्हणून योग्यच आहे, पण लोक त्या पायरीपर्यंत पोहोचत नाहीत. पहिल्या १०० दिवसांत अ‍ॅपचे डाउनलोड १ कोटी ८० लाखांवर गेले, पण इतरांना इशारा दिला तो सुमारे ५ हजार बाधितांनी. ज्यांना देता आला असता त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी दिलाच नाही. ही गळती सेटिंग्ज बदलून थांबणार नाही. तुमचे नाव, ठिकाण, वेळ यांतले काहीही समोरच्याला कळत नाही, हे माहीत असलेला माणूस ती कळ दाबतो. म्हणून स्वतःच्या घरात आणि मित्रमंडळींत हे आवर्जून सांगा.

पडद्याच्या रंगांबद्दलही गैरसमज आहेत. हिरव्या पडद्यावर कधी कधी 'कमी धोका, १ धोक्याची भेट' असे येते आणि माणूस दचकतो. याचा अर्थ पुढे बाधित निघालेल्या कोणाच्या तरी आसपास तुम्ही होतात, पण वेळ आणि अंतर पाहता धोका उंबरठ्याखाली राहिला. घाबरण्याचे कारण नाही, काही करावेही लागत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर अशा मांडायला नको होत्या, हे मात्र खरे. लाल पडदा आला तर किती भेटी झाल्या आणि शेवटची किती दिवसांपूर्वी, एवढेच दिसते. त्याने विलगीकरणाचा हुकूम लागू होत नाही, आजारपणाची रजाही आपोआप मिळत नाही. तो निर्णय आरोग्य कार्यालयाचा आणि डॉक्टरांचा. मात्र लाल इशाऱ्यावर चाचणी करून घेण्याचा हक्क २०२०मध्ये होता, लक्षणे नसली तरी. आधी फोन करा, थेट दवाखान्यात जाऊन बसू नका. पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण १४ दिवसांनी ती नोंद जाते.

अ‍ॅपला जे दिसत नाही तेच त्या लाटेत अधिक घडत होते, हा आमचा मुख्य आक्षेप. उन्हाळ्यातले मोठे उद्रेक बंद जागांतले होते. जूनमध्ये ग्युटर्सलो जिल्ह्यातल्या मांस कारखान्यात १५०० हून अधिक कामगार बाधित झाले आणि जिल्ह्यावर पुन्हा निर्बंध आले. कोंदट हवेच्या हॉलमध्ये आठ मीटरवरचा माणूसही संसर्ग देऊ शकतो, पण अ‍ॅपच्या हिशेबात ती भेट धरलीच जात नाही. शिवाय तेव्हा अ‍ॅप फक्त जर्मन आणि इंग्रजीत होते, कामगार मात्र बहुतांशी रुमानिया, बल्गेरिया, पोलंडचे. त्या भाषा पुढे आल्या, तुर्कीही आली. तेव्हा हवी होती ती जागेची नोंद: अमुक खोलीत, अमुक वेळी आपण होतो, एवढी. तोवर विषाणुतज्ज्ञ क्रिस्टियान ड्रॉस्टेन सुचवत होते तशी एक वही ठेवा. बंद जागेत कोणासोबत, कुठे, कधी, हे रोज दोन ओळींत लिहा. आरोग्य कार्यालयाचा फोन आला तर त्यांना अ‍ॅपमधून काहीच मिळत नाही, या वहीतून मिळते.

सीमेपलीकडे जाणाऱ्यांसाठी चांगली बातमी १९ ऑक्टोबर २०२०ची. जर्मनी, इटली आणि आयर्लंड यांची अ‍ॅप त्या दिवसापासून युरोपीय सर्व्हरमार्गे एकमेकांशी बोलू लागली, १.५ आवृत्ती घेतलेली असली की वेगळे अ‍ॅप लागत नाही. फ्रान्सचे अ‍ॅप मध्यवर्ती सर्व्हरवर चालत होते, त्या ऑक्टोबरात त्याचे नाव आणि रूप बदलले, पण रचना तीच असल्याने जोडणी होत नव्हती. स्वित्झर्लंडची रचना जर्मनीसारखीच होती, तिथे तेव्हा अडसर होता कायदेशीर कराराचा. एका फोनवर अ‍ॅपल-गूगलच्या यंत्रणेचे एकच अ‍ॅप चालू राहू शकते, त्यामुळे जर्मनीतल्या लोराखहून रोज स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला कामाला जाणाऱ्याने जिथे जास्त वेळ बंद खोलीत जातो तिथले अ‍ॅप चालू ठेवावे.

नवा फोन घेणार असाल तर घाई करू नका. जुन्या फोनमधल्या भेटींची नोंद आणि स्कॅन केलेली चाचणी नव्या फोनवर येत नाही. जुना फोन दोन आठवडे चालू ठेवून रोज त्यातले अ‍ॅप पाहत राहा. निकालाची वाट पाहत असताना अ‍ॅप काढून पुन्हा बसवू नका. तोच क्यूआर कोड दुसऱ्यांदा चालणार नाही आणि मग टॅनसाठी हॉटलाइनलाच फोन करावा लागेल.