आर्ट यूके : हजारो संस्थांची एकच नोंदवही

जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ साली रंगवलेले सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचे तैलचित्र पेशवाईची आवड असणाऱ्या बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या पुस्तकात पाहिलेले असते. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १८२३ साली स्थापन झालेली ही विद्वत्संस्था मुख्यतः ग्रंथ, हस्तलिखिते आणि व्याख्यानांसाठी ओळखली जाते. तिच्या संग्रहात तैलचित्रे मोजकीच आहेत आणि चित्रे पाहायला लंडनला गेलेला प्रवासी सहसा तिच्या दाराशी जात नाही. तो टेट किंवा नॅशनल गॅलरीत जातो. टेटच्या संग्रहात याच विषयाशी जोडलेले दुसरे चित्र आहे : पुण्याच्या दरबारात १७९० साली झालेल्या तहाच्या वेळी पेशव्यांसमोर बसलेला चार्ल्स मॅलेट, हा ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातील वकील. त्याची तयारी वेल्सने सुरू केली होती, पण १७९५ मध्ये तो मुंबईजवळ वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने ते चित्र १८०५ मध्ये पूर्ण केले. एक चित्र जगप्रसिद्ध कलासंस्थेत आणि दुसरे एका लहानशा अभ्यासमंडळात, अशी ही विभागणी आहे. ब्रिटनमधील सार्वजनिक संग्रहांतील कलाकृती एकत्र दाखवणाऱ्या ‘आर्ट यूके’ या ऑनलाइन सेवेवर मात्र ही दोन्ही चित्रे सारख्याच आकाराच्या पानावर, सारख्याच तपशिलांसह आणि एकाच शोधात समोर येतात. या सेवेचे मोल मला या बरोबरीत वाटते, म्हणून तिचे परीक्षण करताना मी तिच्याकडे नुसते चित्रांचे भांडार म्हणून न पाहता लहान संस्थांच्या सहकार्याचे एक साधन म्हणून पाहतो.

या कामाची सुरुवात २००३ साली ‘पब्लिक कॅटलॉग फाउंडेशन’ या नावाने झाली. ब्रिटनमध्ये सार्वजनिक मालकीची जी तैलचित्रे आहेत, त्यांपैकी सुमारे ८० टक्के चित्रे कोणत्याही क्षणी लोकांना पाहता येत नाहीत, कारण ती कोठारांत, कार्यालयांच्या जिन्यांवर किंवा बंद सभागृहांत असतात. आणि अनेक संस्थांकडे त्यांची छायाचित्रे तर सोडाच, धड यादीही नव्हती. तेव्हा फाउंडेशनने एकेका परगण्याची छापील सूची काढायला घेतली. देणग्या आणि अनुदाने जमवून छायाचित्रकारांना आणि समन्वयकांना गावोगाव पाठवले. ही माणसे संग्रहालयांत गेली, तशीच नगरभवनांत, विद्यापीठांत, रुग्णालयांत आणि अग्निशमन केंद्रांतही गेली. २०११ मध्ये बीबीसीच्या साहाय्याने हा सारा ऐवज ‘युअर पेंटिंग्ज’ या नावाने खुला झाला, पुढच्या वर्षाअखेरीस तैलचित्रांची मोजणी २ लाख १० हजारांच्या पुढे गेली आणि २०१६ मध्ये सेवेला आजचे नाव मिळाले. आता तिच्यावर ३ लाखांहून अधिक कलाकृती आहेत आणि त्या ३ हजारांहून अधिक ठिकाणांहून आलेल्या आहेत.

आकड्यांपेक्षा मला कामाची रीत महत्त्वाची वाटते. अशा प्रकारच्या उपक्रमात सामान्यतः असे होते की, एखादी मध्यवर्ती संस्था सर्वांना संगणकप्रणाली देते, नमुना अर्ज पाठवते आणि नोंदी भरून येण्याची वाट पाहत बसते. ज्यांच्याकडे पगारी अभिरक्षक आणि संगणकाचे जाणकार आहेत, त्यांच्या नोंदी येतात. ज्या संस्थेचा सारा कारभार दोन निवृत्त स्वयंसेवक आणि एक पहारेकरी यांच्यावर चालतो, तिच्या नोंदी कधीच येत नाहीत आणि मग सहकार्याच्या नावाखाली मोठ्यांचेच भांडार आणखी मोठे होते. इथे छायाचित्रकार स्वतः दारात गेला. लहान संस्थेने करायचे होते ते एवढेच की कुलूप उघडायचे, चित्रे भिंतीवरून उतरवायला मदत करायची आणि जुन्या वहीतील माहिती समोर ठेवायची. चित्रावरचे हक्क, चित्राची मालकी आणि त्याविषयीचा शेवटचा शब्द मूळ संस्थेकडेच राहिला. विश्वस्तांच्या मनात अशा प्रसंगी जी भीती असते, की आपला ऐवज दुसऱ्याच्या नावावर जाईल, तिला या व्यवस्थेत जागा उरत नाही.

प्रत्येक पानावर चित्राचे नाव, चित्रकार, काळ, माध्यम, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी, नोंदणी क्रमांक, ते संस्थेकडे कसे आले याची एक ओळ आणि ते सध्या कुठे आहे, एवढे तपशील असतात. चित्रकारावरून, गावावरून, संस्थेवरून किंवा विषयावरून शोध घेता येतो. विषयांची लेबले लावण्याचे काम सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर सामान्य लोकांनी घरबसल्या केले. कुणाला स्वतःच्या आवडीची चित्रे वेगवेगळ्या संस्थांमधून निवडून त्यांचे छोटेसे प्रदर्शन मांडायचे असेल, तर तीही सोय आहे; शाळेतल्या शिक्षकांनी ती अवश्य वापरून पाहावी. पाने स्वच्छ आहेत, चित्र मोठे करून पाहता येते आणि काही पाहण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत.

सहकार्य म्हणजे केवळ एकत्र यादी नव्हे, हे या सेवेच्या ‘आर्ट डिटेक्टिव्ह’ या विभागात सर्वांत स्पष्ट दिसते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या विभागामागची कल्पना साधी होती. लहान संग्रहालयाकडे एक चित्र असते, ते कोणी काढले हे ठाऊक नसते, त्यातली व्यक्ती कोण हेही ठाऊक नसते आणि तज्ज्ञ बोलावण्याइतके पैसे नसतात. अशा वेळी तो प्रश्न सर्वांसमोर मांडला जाई आणि गणवेशांचे अभ्यासक, जहाजांचे जाणकार, वंशावळींचे संशोधक व निवृत्त अभिरक्षक त्यावर पुराव्यासह बोलत. शेवटी त्या विषयाचा प्रमुख मत नोंदवत असे आणि बदल स्वीकारायचा की नाही हे मूळ संस्था ठरवत असे. जुन्या चर्चा वाचताना एखाद्या बटणाच्या आकारावरून चित्राचा काळ दहा वर्षांनी कसा सरकतो, हे पाहणे कोणत्याही इतिहासप्रेमी माणसाला गुंतवून ठेवील. छायाचित्रे सर्वांना दिसू लागली की काय घडू शकते, याचे उदाहरण त्याआधीच, २०१३ मध्ये, घडले होते. इंग्लंडच्या उत्तरेकडील बार्नर्ड कासल या गावातील बोज संग्रहालयाच्या कोठारात एका स्त्रीचे मळकट चित्र होते आणि ते सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइकच्या चित्राची नक्कल समजले जात होते. कलेतिहासकार बेंडर ग्रोव्हनर यांनी ते ऑनलाइन पाहिले, त्यांना शंका आली आणि सफाई व तपासणीनंतर ते खुद्द व्हॅन डाइकचे ठरले. त्या गावात जाऊन कोठार उघडायला लावण्याचे कारण, एरवी, कुणाला पडले असते असे वाटत नाही.

शिल्पांच्या बाबतीत हीच रीत आणखी पुढे गेली. २०१७ पासून चार वर्षांत, ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून मिळालेल्या २८ लाख पौंडांच्या अनुदानाच्या आधाराने, सुमारे ५० हजार शिल्पांची नोंद झाली. चौकांतले आणि बागांमधले पुतळे टिपण्याचे काम बव्हंशी प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केले.

आता उणिवांकडे वळतो, आणि मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने पहिली उणीव बरीच खोल आहे. हा प्रकल्प तैलचित्रांपासून सुरू झाला आणि संस्थांच्या दारोदार जाऊन नोंद करण्याची मोहीम तैलरंग, ॲक्रिलिक व टेम्पेरा (अंड्याच्या बलकात कालवलेले रंग) यांच्यापुरतीच राहिली. जलरंग, रेखाटने आणि मुद्राचित्रे आता स्वीकारली जातात, पण ती ज्या संस्था स्वतः पाठवतील त्यांचीच. परिणामी, हिंदुस्थानाविषयीचे जे ब्रिटिश चित्रकारांनी कॅनव्हासवर रंगवले ते भरभरून दिसते. ब्रिटिश लायब्ररीकडील, जॉर्ज लँबर्ट आणि सॅम्युएल स्कॉट यांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी १७३०च्या दशकात काढलेले मुंबईचे दृश्य पाहा : ते रंगवणाऱ्यांनी मुंबई कधी डोळ्यांनीही पाहिलेली नव्हती. ज्या हिंदुस्थानी चित्रकारांनी कागदावर काम केले, ते मात्र या नोंदवहीत फारसे भेटत नाहीत. एका बाजूचे डोळे नोंदले गेले आणि दुसऱ्या बाजूचे कोठारातच राहिले. माध्यमाची निवड करताना कुणाचा असा हेतू नसेलही. परिणाम मात्र हाच झाला आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. वेल्स आणि मॅलेट यांच्या आश्रयाखाली पुण्यात काम करणाऱ्या या चित्रकाराने वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या पुण्यातील दृश्यांची रेखाटने केली. ती प्रामुख्याने अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत आणि वेल्सची स्वतःची कागदपत्रेही तिथेच आहेत. म्हणजे एकाच शहरात, त्याच काही वर्षांत सुरू झालेल्या कामाचे तुकडे लंडनमधल्या दोन संस्थांत आणि येलच्या न्यू हेवन शहरात विखुरलेले आहेत, आणि सेवेचे क्षेत्र ब्रिटनपुरतेच असल्यामुळे तिसरा तुकडा या पानांवर येणार नाही. ज्याला पेशवाईतील चित्रकलेचा अभ्यास करायचा आहे, त्याने आर्ट यूके आणि येलची सूची या दोन्ही शेजारी-शेजारी उघडून बसावे. पुणे, पेशवे, मराठे या शब्दांची जुनी इंग्रजी रूपे वेगवेगळी असल्याने आणि शीर्षके मूळ संस्थेच्या वहीप्रमाणे ठेवल्याने तोच शोध तीन-चार प्रकारे घ्यावा लागतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

दुसरी उणीव पुनर्मुद्रणाची आहे. चित्रकाराला जाऊन दोनशे वर्षे झाली तरी छायाचित्राच्या वापराच्या अटी ज्या त्या संस्थेने ठरवलेल्या असतात. कुठे व्यापारेतर वापराला मुभा असते, तर कुठे थेट परवानगी मागावी लागते. लहान संस्थेला त्यातून थोडे उत्पन्न मिळते, हे मला मान्य आहे; आर्ट यूकेच्या दुकानातून प्रती विकल्या गेल्या की संग्रहांनाही वाटा जातो, ही व्यवस्था योग्यच आहे. तरीही मराठीत एखादा संशोधनग्रंथ पाचशे प्रतींत काढणाऱ्या प्रकाशकाला प्रत्येक संस्थेशी वेगळा पत्रव्यवहार करावा लागणे जड जाते. निदान पाचशे-हजार प्रतींच्या अभ्यासग्रंथांसाठी तरी सर्व भागीदारांची सामाईक सवलत असायला हवी. एकत्र येण्याचा फायदा वाचकाला दिसतो, तसाच तो लेखकालाही मिळाला पाहिजे.

हे सारे पाहताना साताऱ्याजवळच्या औंधचे श्री भवानी संग्रहालय सतत डोळ्यांपुढे येते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या त्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचे एक शिल्पही आहे. ब्रिटनमधल्या सार्वजनिक संग्रहातील मूरची शिल्पे आर्ट यूकेवर एका शोधात ओळीने उभी राहतात. औंधच्या त्या शिल्पाला त्यांच्या शेजारी जागा नाही. आपल्याकडे केंद्र सरकारचा ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हा प्रकल्प आहे, त्यासाठीची ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेतच तयार झाली आणि तांत्रिक बाजूने ती काही कमी नाही. पण त्याची सुरुवात केंद्राच्या मोठ्या संग्रहालयांपासून झाली. औंध, सांगली, कोल्हापूर इथल्या संग्रहांना आणि नगरपालिकांच्या सभागृहांत टांगलेल्या तैलचित्रांना प्रणालीइतकीच कॅमेरा घेऊन दारात येणाऱ्या माणसाची गरज आहे. एका जिल्ह्यापासून आरंभ करायला राष्ट्रीय धोरणाची वाट पाहावी लागत नाही. फाउंडेशननेही एकेक परगणाच हाती घेतला होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला, कलाशिक्षकाला आणि लहान संग्रहालयाच्या विश्वस्ताला ही सेवा मी निःसंकोच सुचवीन. लंडनच्या प्रवासात त्यातले एखादे चित्र प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर पानावरचे ठिकाण वाचून थेट निघू नये. चित्र त्या दिवशी भिंतीवर आहे की कोठारात, हे त्या संस्थेला आधी लिहून विचारावे, आणि रॉयल एशियाटिक सोसायटीसारख्या संस्थेच्या बाबतीत तर हे पत्र निघण्याच्या पुष्कळ दिवस आधीच पाठवावे.