तयार अझोला बेड (१२ बाय ४ फूट): घ्यावा का?

अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारी, जनावरांना आणि कोंबड्यांना खायला घालायची छोटी वनस्पती. ती वाढवायची ताडपत्रीची तयार टाकी म्हणजे हा बेड. त्याने खड्डा खणून प्लास्टिकचा कागद अंथरण्याची कटकट वाचते, हे खरं. घ्यायचाच तर जाड, ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या कापडाचा) घ्या. पातळ कापड कोपऱ्याच्या शिवणीत उसवतं. जागा सपाट करून चारही बाजूंना बांबूचा किंवा विटांचा आधार द्या, नाहीतर पाण्याच्या दाबाने कडा फुगून बसतात.

बेडपेक्षा सोबतचं माहितीपत्रक जास्त फसवं. 'पाच दिवसांत दुप्पट' हे त्यात ठळक छापलेलं असतं. चांगल्या हवेत सुरुवातीला तसं होतंही. पण तोच हिशेब पुढे चालवला तर २ किलो बियाणं (सुरुवातीला सोडलेला अझोला) ४० दिवसांत ५१२ किलो भरायला हवं, तेही ४८ चौरस फुटांत! प्रत्यक्षात पाणी झाकलं गेलं की थरावर थर चढतो, खालच्याला ऊन मिळत नाही, तो कुजतो आणि वाढ खुंटते. म्हणून १०-१५ दिवसांत बेड भरला की रोज किलोभर काढायचंच, मधूनमधून पाणी दिसेल इतकं. चार दिवस काढणी राहिली तर पाचव्या दिवशी पाचपट मिळत नाही.

भरताना २५ किलो चाळलेली माती, ४-५ किलो ताजं शेण, ६० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं खत, थोडक्यात 'सुपर') आणि वर १० सेंमी पाणी (सुमारे ४५० लिटर). युरिया अजिबात नको. पानांच्या पोकळीतलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र पुरवतं. गाडी अडते स्फुरदापाशी, आणि पत्रकात नेमका त्याचाच उल्लेख नसतो. दर पाच दिवसांनी ४० ग्रॅम सुपर आणि २ किलो शेण कालवून सोडा, दर दहा दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला.

पानं लालसर, मुळं लांब झाली तर बहुधा स्फुरद कमी पडलंय. मात्र कडक उन्हाने किंवा थंडीनेही लाली येते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३५ च्या पुढे गेला की ५० टक्क्यांची शेडनेट लागते. तेव्हा सुपर वाढवून काही होत नाही.

दुभत्या गाईला रोज दीड-दोन किलो लागतो, त्यामुळे एका गाईलाही हा बेड अपुराच. परसातल्या कोंबड्यांसाठी घेतला तर पैसे वसूल. खायला घालण्याआधी तीन-चार पाण्यांतून धुवा. शेणाचा वास राहिला तर जनावर तोंड लावत नाही.