डेसिबलची पट्टी असलेला काटेवाला मल्टिमीटर

साउंडच्या कामासाठी घेतलेल्या या मल्टिमीटरवरची डेसिबलची पट्टी ०.७७५ व्होल्ट, म्हणजे ६०० ओहमवरील १ मिलिवॅट, हे शून्य धरून आखलेली आहे. मिक्सरमधून १ किलोहर्ट्झचा सूर सोडून १.२३ व्होल्ट येऊ दिले, तेव्हा काटा अधिक ४ वर नेमका थांबला. व्होल्टेज दुप्पट केल्यावर तो ६ ने सरकला, ३ ने नव्हे, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० व्होल्टच्या रेंजवर काट्याने दाखवलेल्या आकड्यात १४ मिळवावे लागतात, ही सूचना मात्र इतक्या बारीक अक्षरांत छापली आहे की माझी एक संध्याकाळ त्यात वाया गेली. ८ ओहमच्या स्पीकरचे वॅट या पट्टीवरून थेट वाचू नयेत. व्होल्टेजचा वर्ग करून ८ ने भागावे.