तालुक्याच्या तातडी विभागातला डोकेदुखीचा इलाज: चांगला, पण घाईचा

कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं दोन्हीकडून दुखतंय, ठणका नाही, ओकारी नाही, तर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय पुरेसं आहे. सुईआधी बीपी, ताप, मान तपासतात, ही जमेची बाजू. मे महिन्यात उन्हातून आलेल्याचा ताप तर बघायलाच हवा. पॅरासिटामॉल १००० किंवा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमने बहुतेकांचं भागतं. अल्सर वा किडनीचा त्रास असल्यास आयबुप्रोफेन नको.

नाहीच उतरलं तर शिरेतून मेटोक्लोप्रमाइड (ओकारीवरचं, डोकेदुखीलाही चालणारं औषध) १० मिलिग्रॅम. घोळ इथंच होतो. सलाइनमधून १५ मिनिटांत सोडायचं औषध गर्दीत झटक्यात दिलं की पेशंटची तगमग होते, त्याला खाटेवर बसवत नाही, आणि नातेवाईक ‘रिॲक्शन आली’ म्हणून ओरडतात. ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक, मागू नये. पाणी पोटात ठरत असेल तर सलाइनचा हट्टही कशाला?

क्षणात कळस गाठलेली वेदना, तापासोबत ताठ मान, हातपाय लुळे: असं काही असेल तर थांबू नका, १०८ बोलावून सीटी स्कॅन असलेलं जिल्हा रुग्णालय गाठा.

गुण कापले ते सुट्टी देताना. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं, हे कुणी सांगत नाही.