क्रोनी आणि पीटीपी-केव्हीएम: अकरा व्हर्च्युअल मशीनची घड्याळं आठ महिने सांभाळल्यावर

"सर, बिलावर शनिवारची तारीख का येतेय?"

सोमवारी सकाळी दहा वाजता अकाउंट्सच्या ताईंनी हे विचारलं आणि माझी या विषयात पहिल्यांदा नीट झोप उडाली. तोवर 'एनटीपी लावलंय ना, मग झालं' एवढंच माझं घड्याळज्ञान होतं (एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत).

घडलं ते असं. शनिवारी संध्याकाळी लाईट गेली. यूपीएस संपत आला तसा होस्ट (खरं मशीन) नियमाप्रमाणे बंद झाला आणि जाताना सगळे गेस्ट (त्यावर चालणारी व्हर्च्युअल मशीन) मेमरीसकट डिस्कवर सेव्ह करून गेला. लिबव्हर्टमध्ये (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) मीच तसं ठेवलं होतं: शटडाऊन नको, सस्पेंड. तेव्हा सव्वासात वाजले होते. सोमवारी पावणेनऊला मी होस्ट चालू केला, गेस्ट जिथे थांबले होते तिथूनच उठले, सगळं हिरवं दिसलं, मी चहाला गेलो. गेस्टच्या लेखी मात्र अजून शनिवारची संध्याकाळच चालू होती. लॉगिनचे ओटीपी चालेनात (ते ३० सेकंदांच्या खिडकीवर चालतात, इथे फरक साडेसदतीस तासांचा), आणि बिलं शनिवारच्या तारखेने छापली जात होती.

गंमत म्हणजे प्रत्येक गेस्टमध्ये क्रोनी (घड्याळ जुळवत ठेवणारा प्रोग्राम) व्यवस्थित चालू होतं. त्याला चूक कळलीही होती. ते ती 'हळूहळू' दुरुस्त करत होतं.

मांडणी काय आहे

दोन होस्ट. एक नवा सर्व्हर, एक जुना ऑफिस डेस्कटॉप. दोन्हींवर रॉकी लिनक्स ९, केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) आणि लिबव्हर्ट. नव्यावर सात लिनक्स आणि दोन विंडोज गेस्ट, जुन्यावर दोन लिनक्स. होस्ट एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) आणि एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) सर्व्हरवरून वेळ घेतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानंतर तसंही या दोघांकडून, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरकडून, वेळ घेणं आलंच. गेस्ट बाहेर कुठेही जात नाहीत. पीटीपी-केव्हीएम हे कर्नल मोड्यूल गेस्टमध्ये लोड केलं की एक पीटीपी डिव्हाइस (वेळ वाचून घ्यायचं घड्याळ) दिसू लागतं, आणि गेस्टमधलं क्रोनी त्यातून थेट होस्टची वेळ वाचतं. मध्ये नेटवर्क नाही, पॅकेट नाही, एक हायपरकॉल (गेस्टने होस्टला थेट घातलेली साद) फक्त. हे मोड्यूल लिनक्स ४.११ पासून म्हणजे २०१७ पासून कर्नलमध्ये आहे. मी त्याच्याकडे इतक्या उशिरा वळलो, हा दोष माझा.

थांबलेलं घड्याळ आणि चुकलेलं घड्याळ

जुन्या काळात व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ चुकायचं ते टिक बुडाल्यामुळे. सेंटओएस ५ च्या जमान्यात कर्नल सेकंदाला १००० टाइमर इंटरप्ट (ठरावीक अंतराने सीपीयूला मिळणाऱ्या टिचक्या, म्हणजेच टिक) मोजून वेळ चालवायचा. होस्टवर गर्दी झाली की गेस्टला सीपीयू मिळायचा नाही, इंटरप्ट बुडायचे आणि घड्याळ मागे पडायचं. तेव्हा आम्ही बूट पॅरामीटरमध्ये डिव्हायडर १० टाकून ते १०० वर आणायचो आणि देवाचं नाव घ्यायचो.

तो प्रश्न आता जवळजवळ संपलाय. केव्हीएम-क्लॉकमध्ये होस्ट गेस्टच्या मेमरीतल्या एका पानावर लिहून ठेवतो: टीएससी काउंटर (सीपीयूमधला सतत वाढणारा आकडा) अमुक असताना वेळ तमुक होती, पुढचं या गुणकाने काढ. गेस्ट सीपीयूचा काउंटर स्वतः वाचतो आणि गुणाकार करतो. मधला एखादा इंटरप्ट उशिरा आला तरी बिघडत नाही, कारण काहीच मोजत बसायचं नाही. एचपीईटी (सीपीयूबाहेरचा टाइमर) वाचायचं तर प्रत्येक वेळी गेस्टमधून बाहेर हायपरव्हायझरकडे (गेस्ट चालवणारा थर) उडी मारावी लागते, म्हणून लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये मी एचपीईटी सरळ बंद ठेवलाय.

पण मशीन सेव्ह करून उठवलं की केव्हीएम-क्लॉक जिथे होतं तिथूनच पुढे चालतं. गेस्टच्या हिशेबी मधला दीड दिवस झालाच नाही. आणि मोनोटोनिक घड्याळासाठी (फक्त पुढे जाणारं, टाइमआउट मोजायचं घड्याळ) हेच बरोबर आहे बरं का. नाहीतर उठल्या उठल्या सगळे टाइमआउट एकदम फुटले असते. चुकतं ते भिंतीवरचं घड्याळ, म्हणजे तारीख-वेळ सांगणारं. ते कोणीतरी पुढे ढकलावं लागतं, आणि 'कोणीतरी' म्हणजे नक्की कोण, इथेच माझी आठ महिन्यांची खरी मेहनत गेली.

क्रोनीचा शहाणपणा नडतो तो इथे

सोबत येणाऱ्या कॉन्फिगमध्ये मेकस्टेपची ओळ असते: फरक १ सेकंदाहून जास्त असेल तर घड्याळ एकदम उडी मारून लाव, पण फक्त पहिल्या ३ दुरुस्त्यांमध्ये. नंतर उडी नाही, घड्याळ थोडं जोरात पळवून गाठायचं. भौतिक मशीनसाठी हे उत्तम. आमचे गेस्ट मात्र कित्येक महिने बूटच झाले नव्हते. त्या तीन संधी केव्हाच संपलेल्या.

मग पळवायचं किती जोरात? क्रोनीची डिफॉल्ट कमाल मर्यादा ८३,३३३ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आहे, म्हणजे बारा सेकंदांत एक सेकंद भरून निघतो. साडेसदतीस तास भरायला ४५० तास. पावणेएकोणीस दिवस! जुन्या एनटीपीडीची ५०० पीपीएमची मर्यादा बघता हे वेगवानच म्हणायचं, पण ताईंना काय सांगणार, बिलं दिवाळीपर्यंत जुळतील म्हणून?

यात आणखी एक मेख आहे, ती मला उशिरा कळली. घड्याळ असं पळवलं जात असताना मोनोटोनिक घड्याळही त्याच वेगाने पळतं. त्याला उडी लागत नाही, पण वेग लागतो. त्या काळात ६० सेकंदांचा टाइमआउट साधारण साडेपंचावन्न सेकंदांतच संपतो. आमच्या एका सर्व्हिसचे कनेक्शन त्या सकाळी विनाकारण तुटत होते आणि आम्ही नेटवर्क स्विचवर संशय घेत बसलो होतो.

खरं सांगायचं तर सिस्टमडीचं (लिनक्सच्या सर्व्हिस सुरू करणारं सॉफ्टवेअर) साधं टाइमसिंकडी असतं तर त्या दिवशी आमचं भलं झालं असतं. ते ०.४ सेकंदाहून मोठा फरक दिसला की मुकाट्याने उडी मारतं, केव्हाही. फक्त सर्व्हरला विचारायला जायचं त्याचं अंतर २०४८ सेकंदांपर्यंत वाढलेलं असू शकतं, म्हणजे कळायलाच अर्धा तास.

आता माझ्या सगळ्या लिनक्स गेस्टमध्ये मेकस्टेपचा दुसरा आकडा उणे १ आहे: केव्हाही, कितीही वेळा उडी मार. होस्टवर मात्र तो ३ च आहे. होस्टने भर दिवसा उडी मारली तर सगळी पिलावळ त्याच्यामागे उडते. हा भेद महत्त्वाचा. एकच कॉन्फिग दोन्हीकडे कॉपी करू नका.

रोजचा अनुभव

रोजच्या कामात हे इतकं चोख आहे की लिहायला काही नाही. नव्या होस्टवर गेस्ट आणि होस्ट यांच्यातला फरक मायक्रोसेकंदांच्या घरात राहतो. लॉग एकमेकांशी जुळवून बघताना कुठली ओळ आधीची, हा वाद संपला. बिलं छापणाऱ्या कंपनीला मायक्रोसेकंद कशाला हवेत, हे विचारू नका.

सेव्ह करून उठवण्याचे प्रसंग या आठ महिन्यांत तीन आले. तिन्ही वेळा गेस्ट अर्ध्या मिनिटाच्या आत ठिकाणावर आले. त्याशिवाय क्यूईएमयू गेस्ट एजंट (गेस्टच्या आत राहून होस्टचे निरोप पाळणारा प्रोग्राम) टाकून लिबव्हर्ट-गेस्ट्समधलं सिंक टाइमही चालू केलंय, म्हणजे गेस्ट उठवताना होस्टच एजंटला 'घड्याळ लाव' सांगतो. आधी मला वाटलं दोघे एकमेकांशी भांडतील. तसं झालं नाही, कारण दोघांचा सोर्स एकच आहे, होस्ट. दुसऱ्या एका ठिकाणी व्हर्च्युअलबॉक्सचं स्वतःचं टाइम सिंक आणि गेस्टमधलं एनटीपी दोन्ही चालू ठेवून, एका घड्याळाला दोन मालक केल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. तो प्रयोग नको.

पण ते अर्धं मिनिट आहेच. तेवढ्यात ॲप जुन्या तारखेने नोंदी लिहू शकतं. यावर क्रोनीकडे उपाय नाही, आणि असूही शकत नाही. मी होस्टवरचा रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या गेस्टकडे नेणारा प्रोग्राम) सगळे गेस्ट उठल्यानंतर दोन मिनिटांनी चालू होईल असं केलंय. वेळ जुळेपर्यंत दुकानाचं शटर खाली. उपाय गावठी आहे, चालतो.

क्रॉनचं वेगळंच

घड्याळ उडी मारतं तेव्हा टाइमरवाल्या कामांचं काय होतं, हे प्रत्येक प्रोग्रामप्रमाणे वेगळं. त्या सोमवारी मी वैतागून हाताने वेळ लावली, पण रात्री २ चं बॅकअप काही चाललं नाही. क्रॉनचा (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) हिशेब असा की उडी तीन तासांहून कमी असेल तर मधली राहिलेली कामं लगेच उरकायची. त्याहून मोठी असेल तर ती घड्याळाची दुरुस्ती समजून नवी वेळ मान्य करायची आणि गप्प बसायचं. तर्क समजतो, पण बॅकअप बुडालं ते बुडालंच.

ती कामं मी सिस्टमडीच्या टायमरवर नेली. घड्याळ पुढे सरकलं की राहिलेलं काम ते लगेच सुरू करतात. मग दुसरीच पंचाईत झाली: सात गेस्ट, सातही बॅकअप एकाच सेकंदाला. डिस्कचा जीव गेला. प्रत्येकात थोडा यादृच्छिक उशीर टाकल्यावर सुटलं.

आमच्याच एका जावा ॲपमध्ये सेशनची मुदत भिंतीवरच्या वेळेतून मोजली होती. उडी बसली की सगळे लॉगआउट. लिहिणाऱ्या मुलाला नॅनोटाइम (जावातली मोनोटोनिक वेळ) वापरायला सांगितलं तर म्हणाला, "सर, माझ्या लॅपटॉपवर तर चालतं." त्याचा गेस्ट सस्पेंड करून जेवण झाल्यावर उठवून दाखवला. दुपारी दुरुस्ती आली.

तक्रारी

पहिली, जुन्या होस्टवर पीटीपी-केव्हीएम लोडच होत नाही. कारण शोधायला माझे दोन रविवार गेले. हा हायपरकॉल तेव्हाच चालतो जेव्हा खुद्द होस्टचा क्लॉकसोर्स (कर्नल ज्यावरून वेळ मोजतो ते) टीएससी असतो. या डेस्कटॉपवर बूट होताना कर्नल टीएससी अविश्वासू ठरवून एचपीईटीवर उतरतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांची यादी) तशी ओळ असते. तेव्हा मोड्यूलला दोष देण्याआधी होस्टचा क्लॉकसोर्स बघा. तिथले दोन गेस्ट ब्रिजवरून होस्टच्याच क्रोनीकडून साध्या एनटीपीने वेळ घेतात, आणि आमच्या कामाला ते पुरतं.

दुसरी, हौस म्हणून गेस्टला इन्व्हेरियंट टीएससी (सीपीयूचा वेग बदलला तरी एकाच गतीने चालणारा टीएससी) दिला. गेस्ट केव्हीएम-क्लॉक सोडून थेट टीएससीवर आला, छान वाटलं. मग सेव्ह करायला गेलो तर क्यूईएमयूने (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) नकार दिला: हा फ्लॅग असलेला सीपीयू दुसरीकडे हलवता येत नाही, म्हणून त्याची अवस्थाही सेव्ह करता येत नाही. लाईट जाण्याच्या गावात हा व्यवहार परवडणारा नाही. परत काढला.

तिसरी, विंडोज. लिनक्स समजतो की आरटीसीमध्ये (मदरबोर्डवरचं बॅटरीचं घड्याळ) यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे, विंडोज समजतो स्थानिक वेळ. गेस्टच्या एक्सएमएलमध्ये मी सवयीने यूटीसी ठेवलं होतं, तर टॅलीचं मशीन सकाळी दहाला साडेचार दाखवत उठायचं. बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरं काही शोधू नका, ऑफसेट लोकलटाइम करा. हायपर-व्हीचं (मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर) क्लॉक आणि त्याचे सिंथेटिक टाइमरही चालू करून घ्या. त्याआधी विंडोज गेस्ट रिकामा बसूनही होस्टचा सीपीयू खात बसायचा. हा भाग क्रोनीच्या बाहेरचा आहे, पण घड्याळाचा म्हणून लिहिला.

चौथी तक्रार माझ्यावरच. होस्टच्या मदरबोर्डवरचा बटन सेल मेला, आणि एकदा होस्ट कित्येक वर्षं मागे जाऊन उठला. त्याचं क्रोनी जागं होऊन वेळ लावायच्या आधी गेस्ट सुरू झाले आणि तेही मागे गेले. थोड्या वेळाने सगळे पुढे आले, पण मधल्या मिनिटात एका गेस्टने प्रत्येक एचटीटीपीएस सर्टिफिकेट 'अजून वैध झालेलं नाही' म्हणून नाकारलं होतं. आता होस्टवर क्रोनी-वेट ही सर्व्हिस चालू आहे आणि वेळ जुळल्याशिवाय लिबव्हर्ट सुरूच होत नाही. सेल बदलला, सीआर२०३२, कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मिळाला.

आत्ताची स्थिती

हे ठेवणार का? हो. नव्या होस्टवर यातलं काही बदलायची इच्छा नाही. गेस्ट सस्पेंड करण्याऐवजी बंदच का करत नाही, असं एक मित्र विचारतो. त्याने घड्याळाचा प्रश्न मिटतो, पण आमच्या डेटाबेसला पूर्ण उठून कॅशे गरम व्हायला वीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात फोन सुरू होतात. म्हणून सस्पेंडच.

शिवाय होस्टवर दर मिनिटाला एक छोटी स्क्रिप्ट एजंटमार्फत प्रत्येक गेस्टची वेळ विचारते आणि फरक दोन सेकंदांहून जास्त असेल तर मला मेसेज टाकते. गेल्या महिन्यात ती एकदाच वाजली. चाचणीसाठी मी तीन आठवड्यांपूर्वीच्या मेमरीसकट स्नॅपशॉटवर गेलो होतो, त्यात पीटीपी मोड्यूल टाकायचं राहिलेलं मशीन होतं, आणि त्यात चालवलेला मेक (प्रोग्राम बांधायचं साधन) प्रत्येक फाइल भविष्यातली आहे म्हणून रडत होता. मोड्यूल टाकलं, नवा स्नॅपशॉट घेतला, जुना पुसला.