दिवाळी ते पावसाळा: कम्युनिटी टँकमध्ये कोण नांदलं, कोण परत गेलं

कम्युनिटी टँक म्हणजे वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र ठेवलेली काचेची टाकी. माझा तीन बाय सव्वा बाय दीड फुटाचा. कागदावर जवळपास १६० लिटर. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी १३० च्या आसपास उरतं. मागे टांगलेला फिल्टर, कोपऱ्यात स्पंज फिल्टर, आणि पुण्याचं महापालिकेचं पाणी. टँकबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही, गळत नाही. मासे मात्र दिवाळीपासून पाहतोय, म्हणून हा रिव्ह्यू त्यांचा.

दुकानात "हे एकत्र राहतील का?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "चालतात दादा, बघा ना, आमच्याकडे एकत्रच आहेत." दुकानात असतात ती पिल्लं, आणि आठवड्याभरात ती विकली जातात. भांडणाचं वय यायच्या आत घर बदलतं. नेटवरच्या चार्टांचंही फार कौतुक नको. दोन नावं जुळवून हिरवी खूण नाहीतर लाल फुली. दोन मासे ठेवले काय नि बारा ठेवले काय, चार्टला फरक पडत नाही, माशांना पडतो.

उदाहरण टायगर बार्बचं. माझ्या मेहुण्याकडे चार होते, सोबत एक एंजल मासा. चौघांनी मिळून एंजलच्या लांब परांची लक्तरं केली. पुढे त्याने बार्ब दहा केले, तेव्हा त्यांची पाठलागाची हौस आपापसात भागू लागली. एंजल तोवर दुसऱ्या टँकमध्ये गेला होता, आणि माझ्या मते त्याने तिथेच राहावं. लांब पर असलेला कुठलाही मासा टायगर बार्बजवळ नको, मग बार्ब कितीही असोत.

माझ्याकडचा मुख्य थवा कार्डिनल टेट्रांचा आहे. त्यांच्यासारखेच दिसणारे निऑन टेट्रा स्वस्त असतात, पण त्यांना २६ अंशांच्या खालचं पाणी मानवतं, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पाणी सहज ३० ला टेकतं. कार्डिनल मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या रिओ नेग्रो नदीच्या कोमट, मऊ (कमी क्षारांच्या) पाण्यातले, त्यामुळे २८-२९ अंश ते निमूट काढतात. महाग पडले, पण उन्हाळा निभावला. घेताना लाल पट्टा बघा: कार्डिनलचा गालापासून शेपटीपर्यंत सलग असतो, निऑनचा मागच्या अर्ध्या अंगावरच. कार्डिनलच्या भावात निऑन गळ्यात मारणारे आहेत.

तळाला स्टर्बाय कोरी, म्हणजे तळाशी राहणारे छोटे मिशीवाले मासे, सहा. पेपर्ड कोरीला थंडावा लागतो, ही जात मात्र उकाडा सोसते. बारीक वाळू हवीच. कोरी तोंड खुपसून वाळू घेतो, खायचं निवडतो आणि उरलेली कल्ल्यांतून दोन्ही बाजूंनी भुरभुर सोडतो. टोकदार खडी असेल तर मिशा झिजतात. मधूनच एखादा बाणासारखा वर जाऊन हवेचा घोट घेतो. घाबरू नका, आतड्यातून हवा वापरायची त्याची ती नेहमीची सोय आहे. सगळेच सतत वर जाऊ लागले तर मात्र पाणी तपासा.

वरच्या थरात हनी गोरामी, एक नर आणि दोन माद्या. या टँकमधली सगळ्यात आवडती निवड. पोटाखालचे दोन दोऱ्यासारखे पर पुढे करून प्रत्येक नवी वस्तू चाचपून बघतात, माझं बोटसुद्धा. मार्चमध्ये नराची हनुवटी ते पोट काळंनिळं झालं, त्याने तरंगत्या पानांखाली बुडबुड्यांचं घरटं बांधलं आणि टँकचा डावा कोपरा स्वतःच्या नावावर करून घेतला. कार्डिनल जवळ आले की हुसकावायचा, चावायचा नाही. आठवड्याने पुन्हा शांत. एवढं भांडण चालतं, जागा असली म्हणजे झालं.

दुकानात परत गेला तो रेड टेल शार्क (शार्क फक्त नावाला). भाच्याने वाढदिवसाला आणला होता, दिसायला झकास: काळाभोर, शेपूट लालभडक. सुरुवातीला लाकडामागे लपून असायचा. बोटाएवढा झाल्यावर ते लाकूड त्याचं, मग अख्खा तळ त्याचा. कोरींना खाद्याच्या गोळ्यांपर्यंत पोचू देईना. दुकानदाराने बदल्यात खाद्य दिलं.

जे घेतलंच नाही, त्याबद्दल थोडक्यात. गप्पी आणि मॉली चांगले मासे आहेत, पण त्यांना जरा जड (जास्त क्षारांचं) पाणी लागतं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर माझी यादी बाजूला ठेवा आणि तेच पाळा. गोल्डफिशला थंड पाणी हवं, घाणही भरपूर करतो, आणि तोंडात मावेल ते गिळतो. एंजल पूर्ण वाढला की कार्डिनल त्याच्या लेखी खाऊ. "काच साफ करेल" म्हणून देतात तो सकर दीड फुटापर्यंत जातो, आणि कंटाळून नदीत सोडला तर तिथे फोफावतो, तेव्हा ते करूच नका. शेवाळासाठी लाइट कमी वेळ लावा आणि नेराइट गोगलगायी आणा. त्यांची पांढरी अंडी लाकडाला चिकटून राहतात, दिसायला वाईट, पण गोड्या पाण्यात फुटत नाहीत. आणि दुकानात "शार्क" म्हणून विकतात ते चंदेरी-करडं पिल्लू बहुतेक वेळा पंगस असतं. हॉटेलात बासा म्हणून खातो तोच, मीटरभर वाढणारा.

नव्याने लावणाऱ्यांसाठी: माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणू तयार व्हायला तीन ते सहा आठवडे जातात. त्याआधी सगळे मासे एकदम भरले तर अमोनिया चढतो आणि मग कोणाचं कोणाशी पटतं हा प्रश्नच उरत नाही. नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायला विसरू नका. उन्हाळ्यात झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. पाणी लवकर आटतं, रोज भर घालावी लागते. झाकण नसताना मासे उडी मारतात, म्हणून वर मच्छरदाणीच्या जाळीची चौकट बसवली आहे.